चव्वेचाळीसपर्यंत

“चार वाजता भंगाराची गाडी येणार आहे,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “तोवर काय करायचं ते करून घ्या. नाही जमलं तर मला थांबवता यायचं नाही. तीन कपाटं, दोन पंखे आणि हे. यादीवर सही झालीय वरून.”

‘हे’ म्हणजे वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून ठेवलेला बाबांचा संगणक. त्याच्या पत्र्याच्या डब्यावर कुणीतरी खडूने फुली मारली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

“नक्की काय झालंय त्याला?” मी विचारलं.

“मला विचाराल तर म्हातारपण,” त्या म्हणाल्या आणि लगेच गडबडल्या. “म्हणजे यंत्राला हो. यंत्राला.”

“कळलं मला.”

बाबांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते. या दिवसांत लोक माझ्याशी बोलताना वाक्याच्या मध्येच दचकायचे. ‘बंद पडलं’, ‘संपलं’ असले रोजचे शब्द तोंडून गेले की जीभ चावायचे. मला त्या शब्दांचा त्रास नव्हता. त्रास व्हायचा तो फडताळातल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा. त्यांत बाबांनी स्क्रू निवडून ठेवले होते, प्रत्येक बाटलीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती, आणि एकीवर नुसतं लिहिलं होतं, ‘कशाचे तरी’.

बाबांनी नोकरीची सुरुवात टाइपरायटर दुरुस्तीने केली. टाइपरायटर गेले तेव्हा ते प्रिंटरकडे वळले आणि प्रिंटरवरून संगणकाकडे. पन्नाशीत शेजारी डिक्शनरी ठेवून त्यांनी जाडजूड इंग्रजी पुस्तिका वाचल्या. कंपन्यांच्या बंद प्रोग्रॅमवर त्यांचा विश्वास कधी बसला नाही. “ज्याचं झाकण उघडता येत नाही ती वस्तू आपली नव्हे, आपण तिचे भाडेकरू,” असं ते म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक यंत्रावर ओपन सोर्सच असायचं, ज्याची आतली ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते आणि बदलता येते. रिटायर झाल्यावर त्यांनी वाचनालयाच्या अडगळीतले तीन मेलेले संगणक मिळून एक जिवंत केला आणि कमी दिसणाऱ्यांसाठी या कोपऱ्यात मांडला.

त्यातली युक्ती त्यांनी मला एकदा फोनवर तासभर समजावून सांगितली होती. खाली रोज सकाळी वर्तमानपत्राची पानं स्कॅन होतात. या यंत्रावर एक पान पलंगावरच्या चादरीएवढं मोठं व्हायचं, आणि पडदा म्हणजे त्या चादरीवरून फिरणारी छोटी खिडकी. अक्षर तळहाताएवढं. खिडकी सरकताना जरासाही हिसका बसता कामा नये, नाहीतर वाचणाऱ्याची ओळ सुटते. त्यासाठी अख्खी चादर ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत एकाच वेळी पसरलेली लागते. हे कार्ड जुनं होतं, पण ते काम करत होतं. बाबांच्या दृष्टीने एवढं पुरेसं होतं.

माझ्या दृष्टीने नव्हतं. गेल्या वर्षी मी घरी आले होते तेव्हा त्यांना म्हणाले होते, “बाबा, बास करा आता ते डबडं. चार म्हाताऱ्यांसाठी दोन जिने चढता.”

“चार नाहीत,” ते शांतपणे म्हणाले होते. “तीनच उरलेत.”

मी हसले होते. हसण्यासारखंच होतं ते.

मी पुस्तकांचं संपादन करते; यंत्रं माझा धंदा नाही. पण लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या मी बाबांच्या टेबलाखाली आणि नंतर टेबलापाशी काढल्या. सेटिंगची फाइल उघडायची कशी, बदलायची कशी, एवढं मला येत होतं. परवा ग्रंथपालबाईंचा फोन आला, ‘तुम्हाला काही ठेवून घ्यायचं असेल तर बघा,’ तेव्हा माझ्याकडे राहायला आलेल्या आईला मी सांगितलं की मी एक दिवस गावी जाऊन येते. काय ठेवून घ्यायचं होतं मला? ते यंत्र घरी आणून मी काय करणार होते? मला ते तिथेच, त्या कोपऱ्यात, चालू झालेलं हवं होतं.

मी बटण दाबलं.

“मिस्त्रीची मुलगी ना तू?” मागून आवाज आला.

खांबाच्या आडोशाला एक गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर घडी घातलेली पांढरी काठी. माझ्याकडे न बघता ते माझ्या डावीकडच्या कपाटाकडे बघत होते.

“तुम्ही मला ओळखता?”

“पावलावरून. बापासारखीच चालतेस, आधी टाच. आणि कपाटाकडे बघतोय म्हणून बावरू नकोस, मी तुलाच बघतोय. मला मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. समोर बघितलं की समोरचा गायब.” ते हसले. “चाळीस वर्षं भूगोल शिकवला. आता नकाशाच्या फक्त समासात राहतो. मास्तर म्हण.”

“मास्तर, तुम्ही रोज येता इथे?”

“यायचो. तीन आठवडे झाले हे बंद आहे, तरी येतोच. घरी सांगून ठेवलंय वाचनालयात जातो म्हणून. आता वाचन नाही म्हटल्यावर बाहेरच पडू देणार नाहीत.”

“घरी कुणी वाचून दाखवत नाही का?”

“सून दाखवते ना. गुणी आहे. पण काय वाचायचं ते ती ठरवते. कुठे कोण जिंकलं, कुणाला बक्षीस मिळालं, गुडघ्याला काय लावावं. मी म्हटलं, अगं, भांडणाच्या बातम्या वाच. तर म्हणते, बाबा, तुमचं ब्लडप्रेशर.” त्यांनी काठी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली. “मला न आवडणारं वाचायचंय गं. माणसाला तेवढा हक्क असावा.”

यंत्र सुरू झालं. आजचं पान मी चादरीएवढं केलं. पहिली काही मिनिटं सगळं स्वच्छ होतं, आणि मला वाटलं, उगाच घाबरवलं सगळ्यांनी. मग पानाच्या तळाशी अक्षरांच्या जागी रंगीत वाळू पसरायला लागली. आधी चिमूटभर, मग मूठभर. दहाव्या मिनिटाला अर्धा पडदा वाळूने भरला.

ज्याने तीन आठवड्यांपूर्वी वाचनालयातली सगळी यंत्रं एका झटक्यात अपडेट केली होती त्या ठेकेदाराच्या माणसाला मी फोन लावला.

“ताई, ते कार्डच जुनं आहे,” तो म्हणाला. “ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, चांगलाय. तो स्वतःच विचारतो कार्डाला, बाबा रे, तुझ्याकडे मेमरी किती? कार्ड म्हणतं चौसष्ट एमबी. झालं. आपल्याला काही सांगावंच लागत नाही. जुन्या फाइलमध्ये कुणीतरी हाताने आकडा टाकून ठेवला होता, तो चुकीचा होता. मी ती फाइलच काढून टाकली.”

“चुकीचा म्हणजे?”

“कमी होता. नक्की किती ते आता नाही आठवत. पण कार्डात चौसष्ट असताना कमी कशाला लिहायचं? आपल्याच हाताने आपलं नुकसान.” मग म्हणाला, “तुमच्या वडिलांनी केलं होतं ना ते? वय झालं की होतं हो असं. माझे आजोबा दाराला आतून कुलूप लावून बाहेरून चावी शोधायचे.”

त्याला वाईट बोलायचं नव्हतं. आणि मी रागावलेही नाही. शेवटच्या महिन्यात बाबा फोनवर बोलता बोलता थांबायचे, एकच गोष्ट दोनदा सांगायचे. मला वाटलं, होऊ शकतं. झाली असेल चूक. जो माणूस बाटलीवर ‘कशाचे तरी’ लिहून ठेवतो, त्याच्याकडून एक आकडा चुकणं काय मोठं?

मी नवी फाइल लिहिली आणि तीत ड्रायव्हरला माझ्या हाताने सांगितलं: चौसष्ट. फाइलमध्ये तो आकडा हजार चोवीसने गुणून लिहावा लागतो. गुणाकार मी कागदावर केला. यंत्र बंद, चालू. दहा मिनिटांनी वाळू.

मग मला वाटलं, चादर एवढी मोठी आहे, मेमरी अपुरी पडत असेल. जास्त सांगून बघू. एकशे अठ्ठावीस लिहिले. या वेळी पडदा उजळलाच नाही. काळाठिक्कर.

“गेलं का?” मास्तरांनी विचारलं.

“नाही. जे नाही ते आहे म्हणून सांगितलं, म्हणून रुसलं.”

“बरोबर आहे. मीही रुसलो असतो.”

काळ्या पडद्यासमोर, न बघता टाइप करत फाइल परत होती तशी करण्यात पाऊण तास गेला. साडेबारा वाजून गेले. खाली रस्त्यावर कुणी जड काहीतरी ओढत नेलं की गाडी आली असं वाटून मी घड्याळ बघायचे. डोळे चोळत मी म्हणाले, “मास्तर, मला वाटतं बाबांचंच काहीतरी चुकलं होतं. कार्डात चौसष्ट आहे आणि त्यांनी त्यात कमी लिहून ठेवलं होतं.”

“चुकलं कसं असेल?” मास्तरांचा आवाज शाळेतला झाला. “समोर बसून करायचा तो. इथे, या खुर्चीवर, आणि मी तिथे. ‘मास्तर, आज जरा कमी करून बघू,’ म्हणायचा. मग बंद करायचा, चालू करायचा, मला वाचायला लावायचा. ‘वाळू आली की सांगा.’ एकेका वेळी दोन-दोन दिवस चालायचं ते.”

“कमी करून बघू म्हणायचे? नक्की?”

“दर वेळी कमीच. वाढवू म्हणालेला मी तरी ऐकला नाही.”

मी खुर्चीत मागे टेकले.

घराची मागची खोली गळत असेल तर समंजस माणूस तिचं दार लावून घेतो आणि येणाऱ्याला सांगतो, आमचं घर दोनच खोल्यांचं. बाबांनी ड्रायव्हरला तेच सांगितलं होतं. कार्डाच्या मेमरीचा शेवटाकडचा भाग जळत चालला होता. कार्डाला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. विचारलं की ते सवयीने सांगायचं, चौसष्ट. ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवून अगदी टोकापासून सामान मांडत यायचा, आणि कार्ड तापलं की टोकाकडच्या सामानाची वाळू व्हायची. बाबांनी बिघडलेली जागा कुठे सुरू होते ते शोधलं होतं आणि अलीकडे रेघ मारली होती. इथपर्यंत तुझं. पुढे काही नाहीच असं समज.

आणि मी दीड तास त्यांना वय झालेला माणूस समजत होते.

“आता कळलं,” मी म्हणाले.

“मग कर. माझ्याकडे वेळ आहे. भंगारवाल्याकडे नाही.”

मी बत्तीसपासून सुरुवात केली. वाळू आली नाही, पण चादर मावली नाही. पानाची उजवी कड कापली गेली. “शब्द अर्धेच येतायत,” मास्तर म्हणाले. “‘मंत्री म्हणाले की आम्ही कधीच’, पुढे काय? कधीच काय?”

“ते मंत्र्यांनाही माहीत नसेल.”

“बापाची जीभ आहे तुला.”

पान मावायला चाळीस तरी लागत होते. चाळीसच्या वर आणि चौसष्टच्या खाली कुठेतरी रेघ होती. अठ्ठेचाळीस लिहून मास्तरांना खुर्चीवर बसवलं. ते मान किंचित तिरकी करून, पडद्याच्या कडेवरून बघितल्यासारखे वाचायचे. उजवा हात माउसवर, खिडकी हळूहळू सरकतेय. वाट बघण्याशिवाय मला काम नव्हतं. कार्ड तापेपर्यंत काही कळणार नव्हतं.

“तुझा बाप जिन्याच्या वळणावर थांबायचा,” मास्तर न थांबता, त्याच सुरात म्हणाले. मला आधी वाटलं, ते बातमीच वाचतायत. “मी विचारलं, का रे थांबलास? तर म्हणे, सूचनाफलक वाचतोय.”

“कधी?”

“रोजच. मला दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. वाचणारा माणूस अशा धापा टाकत नाही.”

“कधीपासून, मास्तर?”

“दोन वर्षं तरी झाली असतील.” मग खिडकी थांबली. “तुम्हाला घरी ठाऊक होतं ना?”

आम्हाला ते इस्पितळात कळलं होतं, शेवटच्या नऊ दिवसांत. डॉक्टर म्हणाले होते की हे अचानक झालेलं नाही, आणि आई माझ्याकडे आणि मी आईकडे बघत राहिलो होतो.

“हो,” मी म्हणाले. “होतं.”

मास्तरांनी खिडकी पुढे सरकवली, आणि दोन ओळींनंतर म्हणाले, “आली वाळू.”

अठ्ठेचाळीस नाही. मी चाळीस लिहिले, यंत्र चालू केलं, आणि ते तापेपर्यंत खाली जाऊन दोन चहा घेऊन आले. येताना वळणावर थांबले. तिथे खरंच फलक होता. काचेच्या आत एकच पिवळा पडलेला कागद: ‘शांतता राखा.’ दोन शब्द. वाचायला किती वेळ लागणार? दोन्ही हातांत पेले धरून मी तिथे उभी राहिले. वरून मास्तरांनी हाक मारली, “आलीस का? थांबलीस का?”

“आले,” मी म्हणाले.

चाळीस स्वच्छ होते. पाव तास झाला, वीस मिनिटं झाली, एक कण नाही. तिथेच थांबता आलं असतं. पण चाळीसवर पान जेमतेम मावत होतं, खिडकी ओळ बदलताना अडखळत होती, आणि मास्तरांची ओळ दोनदा सुटली. मी चव्वेचाळीस लिहिले. स्वच्छ, आणि खिडकी लोण्यासारखी सरकायला लागली. सव्वातीन वाजले होते. घड्याळाकडे बघून मी सेहेचाळीसही करून बघितले. सातव्या मिनिटाला तळाशी वाळूची चिमूट पडली. पुन्हा चव्वेचाळीस.

ग्रंथपालबाई वर आल्या तेव्हा चारला पाच कमी होते. त्यांच्यामागे गाडीवाला होता, खांद्यावर दोर.

“हे का?” त्याने डब्यावरच्या फुलीकडे बोट दाखवलं.

“‘पाणीपट्टीवाढीवरून सभागृहात खुर्च्या फेकल्या,’” मास्तर मोठ्याने वाचू लागले. “‘तीन सदस्य जखमी.’ वा! तीन आठवड्यांत आज पहिल्यांदा खरी बातमी मिळाली.”

बाई त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिल्या. तळहाताएवढी काळी अक्षरं पांढऱ्यावरून शांतपणे जात होती. “वाचनालयात मोठ्याने वाचायचं नसतं, मास्तर,” त्या म्हणाल्या. मग गाडीवाल्याकडे वळल्या. “कपाटं आणि पंखे तेवढे न्या. हे राहू दे.”

“यादीत तीन आयटम आहेत, मॅडम.”

“मग यादीत चूक झालीय. मी सही करते.”

तो गेला. ओल्या फडक्याने मी फुली पुसली. डबा गरम लागला, आतला पंखा घरघरत होता, म्हणून यंत्र बंद करून बाजूचा पत्रा उघडला. जायच्या आधी निदान धूळ काढावी म्हणून.

पत्र्याच्या आतल्या अंगाला कागदी चिकटपट्टीचा एक लांब तुकडा उभा चिकटवलेला होता. त्यावर बाबांच्या अक्षरात, बॉलपेनने, एकाखाली एक आकडे होते. साठ. छप्पन. बावन्न. अठ्ठेचाळीस. प्रत्येकासमोर तारीख, आणि पुढचा लिहिताना आधीच्यावर मारलेली एक सरळ रेघ. पहिली तारीख चार वर्षांपूर्वीची होती.

शेवटची तारीख मी ओळखली. बाबांना इस्पितळात नेलं त्याच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार. मी त्या दिवशी घरी होते. ते ‘केस कापून येतो’ म्हणून सकाळी गेले आणि दुपारी केस न कापता परत आले. आईने विचारलं तर म्हणाले, गर्दी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले, पुन्हा तसेच आले. आई चिडली होती, “एवढी कसली गर्दी? आहेत कितीसे केस!” आणि बाबा डोक्यावरून हात फिरवत हसले होते.

दोन दिवस लागले होते त्यांना, अठ्ठेचाळीसपर्यंत यायला. आणि त्यांच्या माघारी ते कार्ड आणखी थोडं गेलं होतं. ठेकेदाराच्या माणसाने फाइल पुसली नसती तरी वाळू येणारच होती. उशिरा आली असती इतकंच.

मी पर्समधून पेन काढलं. अठ्ठेचाळीसवर रेघ मारायला माझा हात पटकन उठला नाही. मग मारली. खाली लिहिलं, चव्वेचाळीस, आणि आजची तारीख. बाबांच्या चारच्या शेजारी माझा चार फारच टोकदार दिसत होता.

धूळ काढली, पत्रा लावला, यंत्र चालू केलं.

“किती दिवस चालेल आता?” मास्तरांनी विचारलं.

खोटं बोलायची सोय नव्हती. “वर्षभर चालेल कदाचित. मग अजून एकदा कमी करता येईल, चाळीसपर्यंत. त्याच्या खाली पान मावत नाही.”

“आणि नवीन कार्ड?”

“या खाचेत बसणारं आता कुणी बनवत नाही.”

“म्हणजे दोन वर्षं.” त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. “मी आत्ता ब्याऐंशीचा. बरोबर आहे, दोघांचं एकदमच आटपेल. पण मधे एकदा येऊन कमी करून जावं लागेल तुला.”

“येईन.”

“लिहून ठेव कुठेतरी. मुली विसरतात.”

“ठेवलंय,” मी म्हणाले.

सव्वापाचला माझी बस होती. मी पिशवी उचलली. मास्तर खुर्चीत सावरून बसले, मान तिरकी केली आणि मग म्हणाले, “जाण्याआधी एक काम कर. तुझे वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर काढून दे. शेवटून दुसरं पान.”

“ते कशाला, मास्तर?”

“सून ते पान कधीच वाचत नाही. म्हणते, सकाळी सकाळी काय गेलेल्यांची नावं. मिस्त्री गेला हे मला पाच दिवसांनी कळलं. हे बंद पडलं, मी म्हटलं मिस्त्रीला बोलवा, तेव्हा सांगितलं मला खालच्या लोकांनी.” त्यांनी माउसवरचा हात काढून परत ठेवला. “ऐकीव आहे माझ्याकडे. वाचलेलं नाही.”

ते पान मी शोधून काढलं. निधनवार्ता मीच लिहिली होती. आईने बारा वाक्यं सांगितली होती. मी ती तीनवर आणली होती, आणि त्या दिवशी मला त्याचं थोडं समाधानही वाटलं होतं. पान चादरीएवढं करून खिडकी मी त्या ओळींच्या सुरुवातीला आणून ठेवली आणि बाजूला झाले.

मास्तरांनी आधी नाव वाचलं. पडद्यावर एका वेळी दोनच अक्षरं मावत होती. पहिली दोन आली, थोडी थांबली, डावीकडे गेली. पुढची दोन आली. त्या नावाला एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. मग आडनाव. मग वय. मग ‘यंत्रदुरुस्ती’, तेही तुकड्यातुकड्याने. मधे कुठेही हिसका बसला नाही.

“‘त्यांच्या पश्चात,’” मास्तर हळू आवाजात वाचत होते, “‘पत्नी व एक मुलगी’.” खिडकी थांबली. “तू.”

“मी.”

त्यांनी मान हलवली आणि खिडकी पुढे सरकवली. त्याखालची निधनवार्ता दुसऱ्याच कुणाची होती. तीही त्यांनी पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली.